आठ काड्या कमी

या सदराला येणारी पत्रं बहुधा खुशीची असतात. ‘काका, पतंग उडाला’, ‘काका, बाटलीतली पाणबुडी बुडाली आणि परत वरही आली’, अशी. पण दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यातून सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं आणि ते वाचून मला वाईट वाटलं. तिचं पत्र जरा कापून इथं देतो.

‘काका, मी विज्ञान प्रदर्शनासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला होता. दोन टेबलांमधात ४० सेंटीमीटर लांब. १३० काड्या लागल्या. अर्ध्या दुकानातल्या पुड्यातल्या, अर्ध्या मंडईतल्या आइस्क्रीमच्या गाडीपाशी जमवल्या, घरी धुतल्या, वाळवल्या. हिरवा रंग दिला. कठडा पण केला. सरांनी पुलाच्या मधात बादली टांगली आणि पाणी ओतलं. ३ लिटर पडलं न् पूल बसला. सगळे हसून राहिले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या पुलात माझ्याहून निम्म्या काड्या होत्या, रंग नव्हता, काही नव्हता. त्याच्या पुलानं अख्खी बादली धरली. सगळे म्हणाले, तुझं फेव्हिकॉल कमी पडलं. मी तर पूर्ण बाटली संपवली होती. माझं काय चुकलं?’

(मंडई म्हणजे काय, असं पुण्या-मुंबईकडची मुलं विचारतील. तिकडची भाजीची मंडई नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागात दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार होते, रात्री नाटक होतं. आणि थंडी असली तरी आइस्क्रीमची गाडी असतेच!)

मी तिला लगेच उत्तर पाठवलं. त्यात एकच विनंती केली. मोडका पूल फेकून देऊ नकोस आणि पूल बसत होता त्या क्षणी तो कसा दिसत होता, ते आठवून काढून पाठव. किती लिटरला मोडला यापेक्षा कसा मोडला, हे मला हवं होतं. आठ दिवसांनी चित्र आलं. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती तिनं चौकोनांच्या केल्या होत्या. खाली ४ काड्या ओळीनं, वर ४ काड्या ओळीनं, मध्ये ५ उभ्या. चार सुंदर चौकोन. आणि मोडतानाच्या चित्रात त्या चारही चौकोनांचे झाले होते शंकरपाळे!

मला उत्तर मिळालं. तुम्हालाही मिळावं, म्हणून आधी एक पाच मिनिटांचं काम करा.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या, एकसारख्या लांबीच्या चार पट्ट्या कापा. टोकं एकमेकांवर ठेवून चार ड्रॉइंग पिनांनी चौकोन जोडा. पिनांची टोकं मागं खोडरबराच्या तुकड्यांत रुतवा, म्हणजे टोचणार नाहीत. आता एक कोपरा बोटानं ढकला. पट्टी एकही वाकली नाही, पीन एकही निघाली नाही, तरी चौकोनाचा शंकरपाळा होतो. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. हवा तेवढा जोर लावा. पट्टी फाटेल, पण त्रिकोणाचा आकार बदलणार नाही. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोण एकच होतो. हे तुम्ही भूमितीत कंपास घेऊन काढलंच आहे. चार बाजू ठरल्या तरी चौकोन मात्र हजार होतात.

मग तिच्या पुलानं ३ लिटर तरी कसं धरलं? फेव्हिकॉलच्या जिवावर. चौकोन मुडपू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यातला फेव्हिकॉलचा ठिपका एकटा झगडत होता. काड्या नुसत्या बघत होत्या म्हणा ना! फेव्हिकॉल कमी पडलं हे एका अर्थी खरंच, पण दोन बाटल्या ओतल्या असत्या तरी तेच झालं असतं, थोडं उशिरा.

आता एक छानसा हिशेब सांगतो. सपाट भिंतीत जेवढे जोड असतील त्यांची दुप्पट करा आणि ३ वजा करा. कमीत कमी तेवढ्या काड्या लागतात. त्रिकोणात ३ जोड. ६ वजा ३, म्हणजे ३ काड्या. बरोबर. चौकोनात ४ जोड. ८ वजा ३, म्हणजे ५ काड्या हव्यात, असतात ४. एक कमी. ती पाचवी म्हणजे कर्ण. तिरपी काडी घातली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो गप्प बसतो.

आपल्या मैत्रिणीच्या भिंतीत १० जोड होते. २० वजा ३ म्हणजे १७. तिच्या काड्या होत्या १३. एका भिंतीत ४ कमी, दोन्ही मिळून ८. बघा, १३० काड्या लावल्या, त्यातल्या १०४ रस्त्यात, कठड्यात आणि सजावटीत गेल्या आणि पूल बसला तो नसलेल्या आठ काड्यांमुळे. (हा हिशेब आंधळेपणानं वापरू नका हं. एकाच चौकोनात दोन तिरप्या आणि शेजारच्यात एकही नाही, असं केलं तर बेरीज जुळेल आणि पूल तरी बसेल.)

ही नसलेली काडी भंडारा जिल्ह्यात जागोजागी बघायला मिळते. हा धानाचा मुलूख. राईस मिलच्या मोठ्या शेडमध्ये कधी मान वर करून पाहिलंय? टिनाच्या छपराखाली लोखंडी कैच्या असतात. सुतार, लोहार, गवंडी सगळे तिला कैचीच म्हणतात. तिच्या पोटात त्रिकोणच त्रिकोण. रानडुकरांवर नजर ठेवायला शेतात चार बांबूंचं मचाण बांधतात, ते डुगडुगायला लागलं की शेतकरी काय करतो? पाचवा बांबू तिरपा बांधतो. त्याला जोडांची दुप्पट वजा तीन कुणी शिकवलेलं नसतं. विजेच्या मोठ्या लाइनचे मनोरे, मोबाइलचे मनोरे पाहा. आणि तुमच्या वर्गातलं डुगडुगणारं टेबलही पाहा. त्याला एक तिरपी पट्टी ठोकायची राहिली आहे, एवढंच.

इथंच थांबलो तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. कारण त्रिकोणांचा पूलही मोडतो. तो वेगळ्या तऱ्हेनं मोडतो.

एक काडी घ्या. दोघांनी दोन टोकं धरून रस्सीखेच करा. काडी हातातून निसटेल, पण तुटायची नाही. आता तीच काडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरा आणि वरून खोडरबरानं सरळ खाली दाबत जा. काट्यावर लक्ष ठेवा. ४ ते ७ किलोच्या दरम्यान कुठं तरी काडी एकदम पोक काढेल. लाकूड जसं असेल तसा आकडा थोडा मागंपुढं होईल. तुटली नाही, चिरली नाही, फक्त बाजूला वाकली आणि संपली. ओढली की पहिलवान, दाबली की म्हातारी!

आता काडी मधोमध कापून अर्ध्या तुकड्यावर तोच प्रयोग करा. जरा जपून, कारण ती जवळजवळ चौपट दाब सोसते. लांबी निम्मी, तर ताकद चौपट. लेओनार्ड ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञानं हे गणित १७४४ मध्ये मांडलं, आणि आजही मनोऱ्यांचे आणि पुलांचे इंजिनिअर ते वापरतात.

आणि मंडईत जमवलेल्या काड्या? धुऊन वाळवल्या की त्यातल्या बऱ्याच किंचित वाकड्या होतात. जिनं आधीच थोडं पोक काढलंय, ती दाबाखाली आणखी लवकर जाते. काचेवर ठेवून बघा. जी डोलते ती रस्त्यासाठी ठेवा, भिंतीत घालू नका.

म्हणजे पुलातल्या कुठल्या काडीवर ताण आहे आणि कुठल्या काडीवर दाब, हे आधी ओळखायला हवं. ज्यांना जमेल त्यांनी अंभोऱ्याला जाऊन यावं. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, वैनगंगेवर तिथं आता केबलचा देखणा पूल उभा आहे. पूर्वी तिथं नावेतून पलीकडे जावं लागे. पुलाच्या केबली पाहा. केबल म्हणजे दोरखंडच, तिला दाब सोसताच येत नाही, ती फक्त ओढते. आणि ज्या उंच खांबांना त्या बांधल्या आहेत ते खांब फक्त दाब सोसतात. म्हणून केबली बारीक आणि खांब जाडजूड. ताण आणि दाब अशी स्वच्छ वाटणी दुसरीकडे सहसा दिसत नाही.

अंभोऱ्याला जाणं नाही जमलं तरी घरात पूल करता येतो, स्वतःच्या अंगाचा. १८८७ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन बेकर नावाच्या इंजिनिअरनं हे करून दाखवलं. स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीवर त्यांचा रेल्वेपूल तेव्हा बांधून होत होता. दोन माणसं खुर्च्यांवर बसली, हात दोन्ही बाजूंना पसरले. मुठीतल्या काठ्यांची दुसरी टोकं खुर्चीला टेकवली. दोघांच्या मधल्या हातांवर एक फळी अडकवली, बाहेरच्या हातांना तोलासाठी विटा बांधल्या. फळीवर तिसरा माणूस बसला, अगदी आरामात. हातांना ओढ बसते तो ताण, काठ्या दाबल्या जातात तो दाब. तो फळीवरचा माणूस एक तरुण जपानी इंजिनिअर होता. त्याचं नाव वातानाबे काईची! आपल्या सुतारांना हे कळलं तर ते म्हणतील, बरोबरच आहे. तुम्ही माणसाऐवजी दप्तर ठेवा, म्हणजे घरचे ओरडणार नाहीत.

फोर्थचा पूल १८९० मध्ये सुरू झाला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. त्याचे मोठे गाळे ५२१ मीटरचे. पुढं कॅनडातल्या क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर तशाच जातीचा, पण ५४९ मीटरच्या गाळ्याचा पूल घ्यायचं ठरलं. जगातला सर्वांत मोठा. त्या पुलाची गोष्ट आपल्या काडीचीच आहे, म्हणून सांगतो.

क्वेबेकच्या पुलात खालच्या बाजूचे अवयव दाब सोसणारे होते. त्यातला एकेक अवयव म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या चार पोलादी भिंती, आणि त्यांना बांधून ठेवणारी बारीक पट्ट्यांची जाळी. जाळीनं चौघींना घट्ट धरलं तर त्या एक होऊन ताकद लावणार, जाळी कच्ची पडली तर चौघी चार दिशांना. १९०७ च्या ऑगस्टमध्ये कामावरच्या लोकांना दिसलं की दक्षिण किनाऱ्याकडच्या अशा एका अवयवानं पोक काढलंय. आधी पाऊण इंचाचं होतं, दोन आठवड्यांत सव्वादोन इंचांचं झालं. त्यावर वाद झाले. काही जण म्हणाले, हा आधीपासूनच वाकडा होता. देखरेख करणारा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅकलूर शेवटी गाडीनं न्यूयॉर्कला गेला. तिथं पुलाचे मुख्य सल्लागार थिओडोर कूपर होते. कूपर यांनी ऐकलं आणि पुलावर आणखी वजन चढवू नका, अशी तार केली. पण तार गेली पोलाद पुरवणाऱ्या कंपनीकडे, तिथून पुलापर्यंत निरोप पोचलाच नाही. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, सुट्टीची शिट्टी व्हायला थोडाच वेळ असताना, पुलाचा तो अख्खा भाग काही सेकंदांत खाली आला. ७५ कामगार गेले. त्यातले ३३ जण काहनवाके वस्तीतले मोहॉक आदिवासी होते. एका छोट्या गावातून एका दिवसात इतकी माणसं.

चौकशी झाली तेव्हा दोन गोष्टी पुढं आल्या. जाळी कच्ची होती. आणि गाळा लांबवला तेव्हा पुलाचं स्वतःचं वजन किती वाढेल, याचा हिशेब वेळेवर पुन्हा केलेला नव्हता. पूल परत बांधायला घेतला, १९१६ मध्ये मधला भाग चढवताना तो नदीत पडला आणि पुन्हा माणसं गेली, आणि १९१७ मध्ये एकदाची त्यावरून गाडी गेली. त्या जातीच्या पुलांत आजही त्याचाच गाळा जगात सर्वांत लांब आहे.

ती जाळी काय काम करते, हे दोन काड्यांनी बघता येतं. एक काडी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा, मधोमध दोऱ्यानं थोडं वजन टांगा आणि काडी किती झुकली ते पट्टीनं मोजा. मग दोन काड्या नुसत्या एकावर एक ठेवा. झोक निम्मा होईल. आता दोन काड्या फेव्हिकॉलनं पूर्ण लांबीभर चिकटवून, एक दिवस वाळवून ठेवा. झोक निम्मा नाही, चौथाई नाही, जवळजवळ एक अष्टमांश! सुट्या काड्या वाकताना एकमेकींवरून घसरतात, चिकटलेल्या घसरू शकत नाहीत. वही वाकवून बघा, पानं घसरतात म्हणून ती मऊ वाटते. तिच्या दोन्ही कडा चिमट्यांनी घट्ट पकडा आणि मग वाकवा.

चला, आता पूल करू या.

चौकोनात तिरपी काडी घालायची म्हटली तर एक अडचण आहे. काडी असते साधारण साडेअकरा सेंटीमीटरची. जोडासाठी दीड सेंटीमीटर सोडला तर एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत १० सेंटीमीटर मिळतात. १० च्या चौकोनाचा कर्ण पायथागोरसच्या नियमानं १४ हून जास्त. काडी पुरतच नाही! म्हणून चौकोन सोडून द्या आणि समभुज त्रिकोण घ्या. सगळ्या बाजू १० च्या, सगळीकडे एक काडी पुरते. जेम्स वॉरन या इंग्रजानं १८४८ मध्ये अशा त्रिकोणांच्या पुलाचं पेटंट घेतलं होतं.

मोठ्या कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढा. खाली ४० सेंटीमीटरच्या रेषेवर दर १० वर एक, असे ५ ठिपके. वर ३० सेंटीमीटरच्या रेषेवर ४ ठिपके, खालच्या ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. दोन रेषांमधलं अंतर ८.७ सेंटीमीटर. नागमोडी रेघेनं ठिपके जोडा. खाली ४, वर ३, तिरप्या ८, एकूण १५ काड्या. जोड ९. दुप्पट १८, वजा ३, पंधरा! चित्रावर दुधाची पिशवी कापून पसरा, म्हणजे पूल कागदाला चिकटून बसणार नाही. काड्या रेषांवर मांडत जा आणि चिकटवा. फेव्हिकॉलचा पातळ थर पुरतो. ढीग घातला तर आत ओलं राहतं. प्रत्येक जोडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस. मला माहीत आहे, सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

दाबाखाली कुठल्या काड्या येतात? ओझं मधोमध टांगलं तर वरच्या तिन्ही. आणि तिरप्यांपैकी टोकाकडून मोजताना पहिली आणि तिसरी; दुसरी आणि चौथी ताणाखाली. दुसऱ्या टोकाकडून मोजलं तरी तेच. दाबाच्या या ७ काड्यांवर दुसरी काडी पूर्ण लांबीभर चिकटवा. ताणाच्या काड्यांना हात लावायची गरज नाही. झाल्या २२. अशा दोन भिंती.

भिंती ८ सेंटीमीटर अंतरावर उभ्या करा, खालच्या ५ आणि वरच्या ४ जोडांना आडव्या काड्या द्या. वरच्या बाजूला छप्पर कशाला, असं म्हणून बरेच जण इथं आळस करतात. पण भिंतीतली काडी चपटी असते. ती पोक काढते ते बाजूलाच, आणि तिला बाजूनं धरणारं काही नसेल तर ती मोकळीच आहे. म्हणून वर आणि खाली नागमोडी काड्याही घाला; या भिंतीच्या जोडापासून समोरच्या काडीच्या मध्यापर्यंत, तिथून परत या भिंतीच्या पुढच्या जोडाला. वर ६, खाली ८. मोजा बघू, सगळा पूल ६७ काड्यांत झाला. शिवाय खऱ्या पुलाला बाजूनं वारा लागतो, पूर लागतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला महापूर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरच्यांनी पाहिला असेल. भंडाऱ्याजवळचा कारध्याचा जुना लहान पूल तर मोठ्या पुरात पाण्याखालीच जातो. तेव्हा नदी वरून दाबत नाही, बाजूनं रेटते.

तपासणी घरातल्या मोठ्या माणसासमोर करा. दोन टेबलं ३९ सेंटीमीटर अंतरावर. खालच्या मधल्या आडव्या काडीशेजारी एक पेन्सिल आडवी ठेवा, दोन्हींना मिळून सुतळीनं बादली टांगा. बादलीचा तळ जमिनीपासून चार बोटंच वर असू द्या, खाली रिकामं पोतं अंथरा. पाय बादलीखाली नकोत, तोंड पुलाजवळ नको. काड्या मोडताना उडतात. आणि पाणी ओतायच्या आधी वहीत दोन गोष्टी लिहा. किती किलोला मोडेल आणि कुठं मोडेल. हे भाकीत हवेतून करायचं नाही. टांगलेलं ओझं १० किलो असेल, तर प्रत्येक भिंतीच्या वरच्या मधल्या काडीवर जवळजवळ ६ किलोचा दाब येतो. तुमची काडी वजनकाट्यावर किती किलोला वाकली होती ते तुम्हाला माहीत आहेच! मग एकेक लिटर ओता. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. बादलीचं वजनही धरा.

मी दोन पूल करून पाहिले. पहिला मुद्दाम सगळ्या एकेरी काड्यांचा केला. ८ लिटरला वरची मधली काडी हळूच बाहेर झुकू लागली. थांबून पाहिलं, ती तशीच राहिली. ९ ला आणखी झुकली. ११ ला गेला. दुसरा, दुहेरी काड्यांचा. बादली काठोकाठ भरली तरी काड्या ढिम्म. शेवटी पाणी काढून रेती भरली. कोरडी रेती तेवढ्याच जागेत पाण्याच्या दीडपट भरते आणि वैनगंगेच्या काठी ती मिळायला अडचण नाही. २४ किलोला काडी नाही मोडली, टोकाचा एक जोड उघडला. तिथं थर नीट लागला नव्हता, हे तेव्हा दिसलं. माझं भाकीत होतं ३० किलो आणि वरची मधली काडी. दोन्ही चुकली.

आता तुम्ही करा आणि कळवा. मात्र ‘काका, माझा १८ किलोचा झाला’ एवढंच लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही. चित्र काढा, मोडला तिथं बाण करा, आणि मोडण्याआधी काय दिसलं ते लिहा.

सातवीतल्या मैत्रिणीचं दुसरं पत्र हे लिहीत असतानाच आलं. तिनं वार्षिक परीक्षेची वाटही पाहिली नाही. नवा पूल ७० काड्यांचा आहे, रंग या वेळीही हिरवाच आहे. घरच्या ओसरीवर मोठ्या भावानं पाणी ओतलं. १९ किलो. खाली चित्र आहे, उजवीकडच्या शेवटच्या खालच्या जोडाला लाल बाण आहे, आणि बाणापाशी बारीक अक्षरात लिहिलंय : ‘इथे चिमटा नव्हता लावला. आईचे चिमटे संपले होते.’